रोमट लांबून येतंय असं कानाला पटायला हवं: आवाजात अंतर आणि चाल कशी आणायची?

अंत्रुजकर

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या गावच्या नाट्यमंडळाने यंदा पाऊण तासाची श्रुतिका करायला घेतली आहे. ध्वनीची बाजू माझ्या गळ्यात पडली, कारण मंडळात लॅपटॉप आणि बऱ्यापैकी हेडफोन माझ्याकडेच आहेत.

अडलंय ते शेवटच्या प्रवेशात. शिगम्यातली (गोव्यातल्या होळीच्या सणातली) रात्र. आजोबा सोप्यावर (घराच्या ओसरीवर) एकटेच बसलेत, गुडघा धरलाय म्हणून मांडावर (गाव जमतो त्या जागेवर) गेलेले नाहीत. डोंगरापलीकडच्या वाड्यावरून रोमट (शिगम्याची ढोल-ताशांची मिरवणूक) निघतं, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेने येतं, घरासमोरून जातं आणि देवळाकडे निघून जातं. पहाटे पदेर (सायकलवरून पाव विकणारा) येतो तिथे श्रुतिका संपते. संवाद मोजकेच. जे घडायचं ते आवाजातूनच कळायला हवं.

ढोल, ताशे, कासाळें (झांजा) आणि ‘ओस्सय ओस्सय’चा गजर गेल्या शिगम्यात हातातल्या रेकॉर्डरवर जवळून घेतलेला आहे. रीपर या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, आवाज हळूहळू वर नेला, पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) डावीकडून उजवीकडे फिरवला. पण ऐकणारा प्रत्येक जण एकच सांगतो, शेजाऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवत नेल्यासारखं वाटतं. रोमट जागचं हलत नाही. काय करू?

पुणेकर_सध्या_पर्वरी

चांगला प्लगइन विकत घ्या, तासाभरात काम होईल. गावच्या मंडळाला परवडणार नाही म्हणत असाल तर वर्गणी काढा.

मिक्सरबाब_म्हापसा

प्लगइन नंतर बघू. अंत्रुजकर, ऑटोमेशनची रेघ, म्हणजे आवाज वेळेनुसार कसा चढतो ती, कशी काढलीय ते आधी सांगा.

अंत्रुजकर

सरळ तिरकी. उणे ४० डेसिबलपासून शून्यापर्यंत, दोन मिनिटांत.

मिक्सरबाब_म्हापसा

मग अर्धं दुखणं तिथेच आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. आता रोमटाच्या चालीने मोजा. ताशी ४ किलोमीटर धरलं तर सेकंदाला साधारण १.१ मीटर. ४०० मीटरवरून २०० वर यायला तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात हाती येतात फक्त ६ डेसिबल. पुढचे ६ दीड मिनिटात, त्यापुढचे पाऊण मिनिटात. ५० मीटरवरून २५ वर येताना तेच ६ डेसिबल वीस-बावीस सेकंदांत चढतात.

म्हणजे रेघ बराच वेळ जवळजवळ आडवी सरपटायला हवी आणि शेवटी उभी चढायला हवी. कानाला ही चढण जन्मापासून पाठ आहे. सरळ रेघ ऐकली की तो लगेच ओळखतो, कुणीतरी बटण फिरवतंय. निघून जातानाही तसंच. घर ओलांडल्यावर आवाज झपकन पडतो आणि मग तळाशी कितीतरी वेळ रेंगाळतो. नवशिके तिथेच फेड-आउट करून मोकळे होतात.

सहा मिनिटं श्रुतिकेत कोण देणार, हे मला ठाऊक आहे. लांबचा भाग संवादाखाली खुशाल कापा. शेवटचे पन्नास मीटर मात्र खऱ्या वेळेत राहू द्या.

डेसिबलमास्तर

(साखळीला उच्च माध्यमिकला पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून नाक खुपसतोय.)

मिक्सरबाबांचा हिशोब बरोबर, पण तो ठिपक्याएवढ्या स्रोताचा. रोमट लांबट असतं. ते घराला भिडलं की थोडंफार रेषेसारखं वागतं आणि रेषेच्या बाबतीत अंतर निम्मं झाल्यावर वाढ मिळते ३ डेसिबलची. तेव्हा अगदी वरच्या टोकाला रेघ जरा बोथट करा.

दुसरी गोष्ट हवेची. लांबचा आवाज म्हणजे ट्रेबल कापा, असं सरसकट सांगतात आणि लोक १००० हर्ट्झवर लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) लावून मोकळे होतात. आयएसओ ९६१३ या मानकातले आकडे बघा. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हवा १०० मीटरमागे १००० हर्ट्झचा जेमतेम पाऊण डेसिबल खाते, ४००० हर्ट्झचे सव्वादोनच्या आसपास आणि ८००० हर्ट्झचे जवळपास ६. चारशे मीटरला गुणून बघा. सगळ्यात वरच्या पट्टीत २४ डेसिबलची घट, तर माणसाचा आवाज जिथे असतो तिथे तीनच. म्हणजे ४००० च्या आसपासपासून उतरता हाय-शेल्फ (वरची पट्टी नुसती खाली ओढणारा फिल्टर) पुरे. १००० वर कापलात तर आवाज भिंतीआड जातो, लांब जात नाही.

कोरड्या हवेचं गणित वेगळं. १५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला तेच ८००० हर्ट्झ १०० मीटरमागे २० डेसिबल गमावतात. परदेशी व्हिडिओत बघून ईक्यू (सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणारं साधन) लावणाऱ्याने तो माणूस कुठल्या हवेत बसलाय हे आधी बघावं.

घुमटवाला

मास्तर, आकडे आकड्यांच्या जागी. पण आमच्या वाड्यावर पलीकडचं रोमट सुरू झालं की पहिल्यांदा फक्त ढोल ऐकू येतो. ताशा नाही, कासाळें तर नाहीच. तुमच्या हिशोबाने ताशा यायला हवा होता.

डेसिबलमास्तर

यायला हवा होता, मध्ये डोंगर नसता तर! तुम्ही सांगताय तो हवेचा परिणाम नाही, आडोशाचा आहे. ढोलाचा ८० हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची लाट सव्वाचार मीटरहून थोडी लांब असते. ती डोंगराच्या कडेवरून वाकून खाली उतरते. ताशातला ४००० हर्ट्झचा भाग नऊ सेंटीमीटरचाही नाही. तो डोंगराला अडतो.

अंत्रुजकरांना इथे सोन्याची संधी आहे. डोंगराआड असताना खरंच लो-पास लावा, अगदी ३००-४०० हर्ट्झवर. रोमट वळणावर आलं की तीन-चार सेकंदांत फिल्टर उघडा, पण फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या दांडीला) हात लावू नका. आवाजाची पातळी तीच, आणि एकदम ताशा आणि कासाळें उलगडतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात वळण आपोआप तयार होतं.

घुमटवाला

हां, हे पटलं. आमच्याकडे कुणीतरी नेमकं तेव्हाच म्हणतो, ‘आयलें रे!’

मिक्सरबाब_म्हापसा

आता सगळ्यात मोठी गोष्ट. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावलाय का?

अंत्रुजकर

लावलाय. हॉल, अडीच सेकंद. लांब वाटावं म्हणून.

मिक्सरबाब_म्हापसा

काढा तो. कुळागरावर छप्पर कुठे असतं? हॉल लावला की रोमट पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यगृहात शिरतं.

कान अंतर मोजतो ते थेट आलेला आवाज आणि आपटून आलेला आवाज यांच्या प्रमाणावरून. माणूस जवळ असतो तेव्हा थेट आवाज जोरकस, आणि प्रतिध्वनी मागून, जरा अंतर ठेवून येतात. लांब गेला की थेट आवाज पडतो, आपटलेला तेवढा पडत नाही, आणि दोन्ही जवळजवळ एकत्रच पोचतात. म्हणून प्री-डिले (मूळ आवाजानंतर रिव्हर्ब सुरू होईपर्यंतचा वेळ) जवळच्या आवाजाला जास्त ठेवायचा आणि लांबच्याला जवळजवळ शून्य. बरेच जण याच्या बरोबर उलट करतात. लांब आहे म्हणून प्री-डिले वाढवतात आणि मग ट्रॅक मिक्समधून का उठून येतोय म्हणून डोकं खाजवतात.

उघड्यावर नुसती शेपूट कामाची नाही, ठरावीक आपट्या लागतात. घरासमोर सतरा मीटरवर देवळाची किंवा चिऱ्यांची उंच भिंत असेल तर आवाज चौतीस मीटरचा फेरा मारून सेकंदाच्या दहाव्या भागाने परत येतो. एक साधा डिले, १०० मिलिसेकंद, ट्रेबल थोडा कापलेला. तो रोमट समोर आल्यावरच ऐकू यायला हवा. कुळागरात उलट, पोफळींच्या खोडांवरून आवाज विखुरतो, तिथे आखूड आणि मळकट रिव्हर्ब ठेवा.

सेंड, म्हणजे ट्रॅकमधून रिव्हर्बकडे जाणारा फाटा, प्री-फेडर करा, फेडरच्या आधीच काढा. मग ड्राय (थेट आवाज) खाली गेला तरी रिव्हर्ब सोबत मरत नाही.

डेसिबलमास्तर

रिव्हर्ब पूर्ण स्थिरही नको, बाब. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगने १९७१ मध्ये, संगणकावर हलता आवाज कसा तयार करायचा यावर एक निबंध लिहिला होता. चार स्पीकर वापरून, आवाज श्रोत्यांभोवती फिरवून. त्यातला नियम आजही चालतो. थेट आवाज अंतराच्या प्रमाणात घटवा, रिव्हर्ब अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आपल्या भाषेत, अंतर दुप्पट झालं की ड्राय ६ डेसिबल खाली आणि वेट (रिव्हर्ब) ३ डेसिबल खाली. दोन रेघा काढायच्या, दुसरीचा उतार पहिलीच्या निम्मा. हा नियम खोलीसाठी बांधलेला आहे, पण वाड्यातल्या घरांमध्येही कान फसतो.

मिक्सरबाब_म्हापसा

हे भारी. लिहून ठेवलं.

अंत्रुजकर

काल रात्री एवढं केलं. रेघ वाकवली, हॉल काढला, वळणावर फिल्टर उघडला. आमच्या दिग्दर्शकांनी ऐकून पहिल्यांदाच मान डोलावली. पण घरासमोरून जाताना अजून सपाट वाटतं, डावीकडून उजवीकडे सरकणारं चित्र. पॅन कसा करायचा? आणि डॉप्लर (येताना सूर चढतो, जाताना उतरतो तो परिणाम) लावू का?

बुलेटराजा

डॉप्लर लावाच! त्याशिवाय चाल येतच नाही. माझ्या चॅनलवर बाईकचे आवाज सगळे डॉप्लरवरच आहेत.

डेसिबलमास्तर

बाईकला लावा, रोमटाला नको. गणितच मांडतो. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. ताशी ६० ने जाणारी बाईक येताना सूर पाच टक्क्यांनी चढवते आणि गेल्यावर साडेचार-पाच टक्क्यांनी उतरवते. दोन्ही मिळून पावणेदोन अर्धस्वरांच्या आसपास, म्हणजे शुद्ध रिषभावरून सा गाठायला थोडंसंच कमी. हे कुणालाही ऐकू येतं. रोमटाचा वेग १.१ मीटर. फरक दोन्ही बाजूंनी मिळून अर्धस्वराचा आठवा-नववा हिस्सा. ढोलात तो कोण ओळखणार?

डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडलं. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवाले बसवून आणि रुळांच्या कडेला कान तयार असलेले वादक उभे करून ते पडताळून पाहिलं. त्याला आगगाडी लागली, पायी चालणारा बँड त्याने उगाच नाही टाळला.

आणि बुलेटराजा, तुमच्या व्हिडिओतली बाईक ऐकली. सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश घसरतो. खरी बाईक तसं करत नाही. लांबून येताना सूर वर चढलेला पण जवळजवळ स्थिर असतो. समोरून जाताना, पाच मीटरवरून जात असेल तर अर्ध्या-एक सेकंदात, तो कोसळतो आणि मग खाली स्थिर होतो. जितकी अंगाला घासून जाईल तितकी घसरण उभी.

बुलेटराजा

अरे बापरे. बरं, तो पिच कर्व्ह बदलतो. धन्यवाद मास्तर.

घुमटवाला

जाता जाता, घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरतीच्या ट्रॅकला कुणीतरी ऑर्गनच्या फिरत्या भोंग्यासारखा इफेक्ट लावलेला ऐकला होता. त्यातही म्हणे डॉप्लरच असतो. देवासमोर बसलेला माणूस गरागरा फिरत नाही, एवढंच म्हणतो.

मिक्सरबाब_म्हापसा

लेस्ली स्पीकर. भोंगा खरोखर फिरतो त्यात. ऑर्गनला छान वाटतो, घुमटाला नको.

पॅनचं सांगतो. तुम्ही सगळं रोमट एका स्टिरिओ ट्रॅकवर ठेवून एकत्र फिरवताय, म्हणून ते सपाट. त्याचे तीन भाग करा: पुढे निशाणवाले आणि गजर, मध्ये ताशे-कासाळें, मागे ढोल. तिघांना वेगवेगळ्या वेळी समोरून जाऊ द्या. गजर उजवीकडे पोचला तेव्हा ढोल अजून डावीकडेच आहे. तेवढ्याने लांबी येते. आणि लांब असताना पॅन हलवूच नका. चारशे मीटरवरचं रोमट कानाला एका बाजूला एका ठिपक्यात असतं. जवळ आल्यावर ते रुंदावतं, समोर आल्यावर दोन्ही कान भरतं, गेलं की पुन्हा आकसतं. पॅनपेक्षा रुंदीच जास्त बोलते. मोनो, रुंद, मोनो.

डेसिबलमास्तर

यात एक गंमत भरता येईल. समजा मागचे ढोल पुढच्या ताशांपासून ३५ मीटर मागे आहेत आणि ताल पुढून ठरतो. पुढचा ठोका मागच्यांपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने पोचतो, म्हणून ते तेवढे उशिरा वाजवतात. रोमट आपल्याकडे येत असताना त्यांचा आवाज आपल्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच उशीर. एकूण २०० मिलिसेकंद मागे, ताल फाटलेला. रोमट पुढे निघून गेलं की ढोल आपल्याला जवळ आणि ताशे लांब, आता ताशांनाच तेवढा उशीर होतो आणि दोन्ही ठोके एकत्र पोचतात. येताना विस्कटलेलं, जाताना घट्ट. ढोलाच्या ट्रॅकला २०० पासून शून्यापर्यंत सरकता डिले दिलात की झालं.

घुमटवाला

आमच्याकडे ढोल-ताशे एकत्रच चालतात, इतकं अंतर नसतं. पण मोठ्या मेळात मागचे मागे राहतात हे खरं. आम्ही त्याला ढोलवाल्यांचा आळस समजत होतो.

डेसिबलमास्तर

थोडा तोही असेल.

दिवाडी

इतका वेळ वाचत होते. तुमच्या श्रुतिकेच्या शेवटी पदेर आहे असं वाचलं, म्हणून लिहिते. त्याच्या सायकलला कृपा करून सलग पॅन लावू नका.

आमच्या दिवाडी बेटावर पदेर येतो तो असा. पहिला पोंय-पोंय चढणीच्या तोंडाशी, बारीक, मागे कसलाच घुमारा नाही. मग काहीच नाही. दुसरा खुरसाच्या (क्रॉसच्या) वळणावर, समोरच्या घराच्या भिंतीवर आपटून दुहेरी झालेला. मग पुन्हा बराच वेळ शांत, कारण तो कुणाकडे तरी पाव मोजून देतोय. तिसरा आमच्या न्हाणीघराच्या मागून, वरची धार गेलेली पण जोर आलेला. चौथा फाटकात. तेव्हा रबरी भोंगा सुटल्यावर त्यात हवा परत ओढली जाते तो ‘फुस्स’सुद्धा ऐकू येतो, ब्रेक किंचाळतो, टोपलीवरचं प्लास्टिक सळसळतं.

मधला रस्ता आपण ऐकलेलाच नसतो, तरी तो आला हे कळतं. चार ठिकाणं द्या, बाकी ऐकणाऱ्यावर सोडा. आणि तो ‘फुस्स’ फक्त शेवटच्या भोंग्यातच ठेवा. पहिल्यापासून ठेवलात तर पदेर चारही वेळा फाटकातच उभा.

मिक्सरबाब_म्हापसा

दिवाडीबाय, एवढं नीट तर आमच्या धंद्यातले लोकही ऐकत नाहीत. त्या फुस्सचाच नियम सगळीकडे लागू होतो. श्वास, ओठांचा चिकट आवाज, काठी चामड्यावर घासल्याचा खरखराट, घुंगराचा सुटा दाणा, हे बारीक तपशील म्हणजे जवळपणा. लांबच्या ट्रॅकमधून ते काढायचे तर ईक्यूने जात नाहीत, शक्य असेल तर मुळात लांबूनच रेकॉर्ड करायचं. अंत्रुजकर, पुढच्या शिगम्यात एक रेकॉर्डर शंभर मीटरवर ठेवा, दुसरा अंगणात. दोन्हींची सरमिसळ कुठल्याही प्लगइनला ऐकणार नाही.

अंत्रुजकर

पुढचा शिगमो लांब आहे हो, श्रुतिका चतुर्थीच्या आधी द्यायचीय. असलेल्यावरच भागवायचं आहे.

मिक्सरबाब_म्हापसा

मग आहे तो ट्रॅक गावातच पुन्हा वाजवा. कुळागराच्या टोकाला गाडीतून मोठा स्पीकर न्या, रोमट लावा, आणि आजोबांच्या सोप्यावर रेकॉर्डर ठेवून ते पकडा. गावची हवा, भिंती, झाडं फुकट मिळतात. निवांत रात्र निवडा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर भलत्याच महिन्यात शिगमो आला म्हणून लोक बाहेर येतील. ते जमत नसेल तर त्याच जागी फुगा फोडून त्याचा आवाज पकडा. रीपरमधल्या कॉन्व्होल्युशन रिव्हर्बला (खऱ्या जागेचा घुमारा उचलणाऱ्या) तोच खाऊ घाला. फटाका नको, रेकॉर्डर क्लिप होतो, आवाज फाटतो.

उमाकाकू_फोंडा

मुलांनो, तुम्ही यंत्राचं सगळं बोललात, माणसाचं कोण बोलणार? मी पूर्वी श्रुतिकांमध्ये कामं केली आहेत. तेव्हा अंतर आम्ही पायांनी आणायचो. लांबून हाक मारायची तर मायक्रोफोनपासून दोन-तीन पावलं मागे, मान वळवून, बोलणं समोरच्या भिंतीवर टाकायचं. आत येताना बोलत बोलत पुढे यायचं आणि शेवटचा शब्द मायक्रोफोनच्या बाजूने टाकायचा. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनला तोंड लावून बोललं की खर्ज वाढतो, मागे सरकलं की तो गळतो. श्रोत्याला कारण ठाऊक नसतं, पण माणूस दूर गेला हे कळतं.

आणि हाक हाकेसारखीच मारावी लागते. जवळ बोललेलं वाक्य तुम्ही कितीही बारीक केलंत तरी ते बारीक केलेलं जवळचं बोलणंच राहतं. कुजबूज कितीही वाढवा, ती कानाशीच असते. आवाजाला किती जोर लावलाय त्यावरून आपण पल्ला ओळखतो. तुमच्या गजरातला एखादा पोरगा जवळून रेकॉर्ड केलाय आणि तो आरामात बोलतोय, असं असेल तर त्याला काढून टाका.

आजोबांचं काम कोण करतंय? त्यांना रेकॉर्डिंगच्या वेळी हेडफोनमध्ये रोमट ऐकवा, तुम्ही मिक्समध्ये ठेवलंय त्याच चढत्या आवाजात. गोंगाट वाढला की माणूस न सांगता आवाज चढवतो, स्वर लांबवतो. शांत खोलीत रेकॉर्ड केलेलं वाक्य ढोलावर ठेवलं की आजोबा एका गावात आणि रोमट दुसऱ्या.

डेसिबलमास्तर

काकू म्हणतात त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, १९११ पासून नोंदलेला आहे. फ्रेंच डॉक्टर होता.

उमाकाकू_फोंडा

असेल बाबा. आम्हाला आमच्या निर्मात्याने शिकवलं होतं, तो काही डॉक्टर नव्हता.

आणखी एक. कुत्रे कुठे आहेत? रोमट येताना वरच्या वाड्यावरचं कुत्रं पहिलं भुंकतं, मग मधलं, मग आपल्या अंगणातलं उठतं आणि साखळी ओढतं. निघून गेल्यावर देवळाकडचं भुंकतं. आजोबांनी एक शब्द उच्चारायला नको, रोमट कुठवर आलं ते कुत्रीच सांगतात.

घुमटवाला

काकूंना साष्टांग. खरं सांगायचं तर फेडरपेक्षा कुत्री बरी.

मिक्सरबाब_म्हापसा

कुत्र्यांबरोबर सोप्यावरचंही काहीतरी कायम जवळ ठेवा. आरामखुर्चीची वीण कुरकुरते, अडकित्त्याने सुपारी कातरली जाते. जवळचं काहीच नसेल तर लांबचं कशापासून लांब? आणि रातकिड्यांचा थर एकाच पातळीवर ठेवा, रोमट आलं म्हणून तो खाली ओढू नका. ढोल त्याला स्वतःच झाकेल, आणि रोमट गेल्यावर रातकिडे आपोआप पुन्हा उघडे पडतील.

पुणेकर_सध्या_पर्वरी

ठीक आहे, प्लगइनचं मागे घेतो. पण हे सगळं हेडफोनवर ऐकणार कोण? लोक मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून ऐकतात. तुमचा पॅन, तुमची रुंदी, गेली सगळी.

मिक्सरबाब_म्हापसा

धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न यांनीच विचारला, विनोद नाही. पॅन जातोच. पण वर जे मोठे मुद्दे आले ते एका कानालाही कळतात: वाकडी रेघ, वळणावरचा फिल्टर, ड्राय-वेटचं प्रमाण, कुत्री, हाकेचा जोर. म्हणून मिक्स मोनोमध्ये बांधायचा आणि स्टिरिओ वरणावरच्या तुपासारखा वरून घालायचा. मोनोत रोमट चाललं तर सगळीकडे चालेल.

धोका आहे तो डिलेने पॅन करणाऱ्यांना. एका कानाला आवाज किंचित उशिरा दिला की तो दुसऱ्या बाजूला सरकतो, हे खरं आहे. दोन कानांमधला नैसर्गिक फरक सहा-सात दशांश मिलिसेकंदांपर्यंतचा. हेल्मुट हासने १९४९ मध्ये दाखवलं की तीसेक मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकूच येत नाही, आवाज आधी पोचलेल्या बाजूचा वाटतो. हेडफोनवर छान. पण फोनवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की त्याच उशिरामुळे काही पट्ट्या एकमेकांना खातात आणि ढोल पोकळ होतो. त्यामुळे असल्या श्रुतिकेत पातळीनेच पॅन करा. मास्तरांनी सांगितलेला ढोलाचा डिले चालेल, तो दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

अंत्रुजकर

नवा मिक्स दुव्यावर चढवलाय. स्पीकर घेऊन कुळागरात गेलो होतो, दोन घरं बाहेर आली, एकाने नारळही फोडायला आणला. आजोबा करणाऱ्या काकांना हेडफोनवर रोमट दिलं, ते ‘आरे, थांबा मरे’ म्हणून ओरडले ते तसंच ठेवलंय. कुत्री चार आहेत. फोनच्या स्पीकरवर ऐकून सांगा.

दिवाडी

फोनवरच ऐकलं. रोमट येतं, थांबतं, जातं. वळण स्पष्ट आहे. पदेराचा तिसरा भोंगा मात्र घराच्या मागून हवा होता, तो समोरूनच येतोय.

उमाकाकू_फोंडा

दुसरं कुत्रं आणि चौथं कुत्रं एकच आहे. तोच खाकरा दोनदा. माझ्या शेजारच्याचा मोत्या घे, रेकॉर्ड करून पाठवते.

मिक्सरबाब_म्हापसा

रोमट समोर असताना मास्टरवरचा (शेवटच्या एकत्र ट्रॅकवरचा) कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं साधन, सगळं दाबतोय, म्हणून शेवटच्या पंचवीस मीटरची चढण पुन्हा सपाट झालीय. कॉम्प्रेसर संवादाच्या बसवर (सगळे संवाद एकत्र येतात त्या ट्रॅकवर) ठेवा, रोमट त्यातून बाहेर काढा. मग लांबचा भाग फारच बारीक वाटेल, तर तो तीन-चार डेसिबल हाताने उचला. उचलताना ढोलच उचला, ताशे नकोत. तिसऱ्या भोंग्याला डोंगराचाच फिल्टर वापरा, १२०० हर्ट्झच्या आसपास ठेवून.

अंत्रुजकर

कॉम्प्रेसर हलवला. मोत्याची वाट बघतोय.